पिस्तुलावरचा लाल ठिपका: दोनचा घ्यावा की सहाचा?

एअर पिस्तूल घेऊन महिना-दोन महिने झाले की रेड डॉटची, म्हणजे काचेत नेमासाठी लाल ठिपका दाखवणाऱ्या साईटची, हौस सुरू होते. खोक्यावर लिहिलेलं असतं: २ एमओए, ३ एमओए, ६ एमओए, ३२ एमओएचं वर्तुळ. विचारलं तर ‘बारीक घ्या, बारीक म्हणजे अचूक’ असं उत्तर मिळतं. दहा मीटरवर हे उत्तर बहुतेक नवख्यांना महागात पडतं. खोक्यावरचा आकडा हा कोन आहे. तो आपल्या लक्ष्याच्या कार्डावर किती मिलिमीटर झाकतो आणि आपला हात किती मिलिमीटर हलतो, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. आणि ते दोन्ही आकडे साईट मागवण्याआधी घरीच काढता येतात. त्यासाठी दहा मीटर मोकळी जागा, एक पट्टी आणि टिकल्यांचं एक पाकीट पुरतं.

आधी ठरवा: स्पर्धा की घरचा सराव

१० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धा आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमांवर चालतात आणि तिथे पिस्तुलावर फक्त उघडी साईट, म्हणजे मागची खाच आणि पुढची पात, चालते. रेड डॉट, दुर्बीण, लेझर, आरसा, सगळं बाद. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, मनू भाकर यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं, तेही उघड्या साईटवरच. तेव्हा पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला उतरायचं असेल तर आधी ते पैसे छर्रे, कार्डं आणि चांगल्या ग्रिपवर घाला. आयपीएससीसारख्या, धावपळ करत वेगाने मारायच्या प्रकारात मात्र ऑप्टिकवाल्यांचे, म्हणजे रेड डॉटसारखी काचेची साईट लावणाऱ्यांचे, वेगळे गट असतात.

मग रेड डॉट कुणी घ्यावा? ज्याला अंगणात, गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर सराव करायचा आहे त्याने. चाळिशी उलटल्यामुळे ज्याला पुढची साईट धूसर दिसते त्याने. आणि घोडा ओढताना पिस्तूल नेमकं कुठे झटका खातं हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे त्याने. या शेवटच्या कामाला रेड डॉटसारखा मास्तर नाही. एक काळजी घ्या. उघड्या साईटवर बरेच नेमबाज काळ्या गोलाच्या खाली, सहा वाजताच्या जागी नेम धरतात. ठिपका मात्र थेट मध्यावर ठेवायचा असतो. आज हे, उद्या ते असं केलं तर दोन्ही बिघडतात. एकेक पद्धत निदान दोन-तीन आठवडे सलग ठेवा.

कायद्याचं थोडक्यात: २० ज्यूलपर्यंतच्या, ४.५ मिमी छऱ्याच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण बिल जपून ठेवा. दारूगोळ्याच्या पिस्तुलाला शस्त्र कायदा, १९५९ खाली परवाना लागतोच, मग वर साईट कुठलीही असो.

अजून एक गोंधळ इथेच मिटवू. रेड डॉट म्हणजे लेझर नव्हे. लक्ष्यावर काहीच पडत नाही. साईटच्या मागच्या बाजूला एक बारीक एलईडी असतो. तो पुढच्या वाकवलेल्या काचेवर प्रकाश टाकतो. काचेवरचा थर तेवढा लाल प्रकाश परतवतो आणि बाकीचं दृश्य आरपार जाऊ देतो. म्हणून ठिपका फक्त नेम धरणाऱ्याला दिसतो, आणि काचेतून जग किंचित निळसर दिसतं. ते निळसर दिसणं बिघाड नाही.

एमओए मिलिमीटरमध्ये आणा

एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक एमओए. १०० मीटरवर तो २९ मिमी भरतो, २५ मीटरवर ७.३ मिमी आणि १० मीटरवर २.९ मिमी. दहा मीटरचा हिशेब असा:

२ एमओए: ५.८ मिमी
३ एमओए: ८.७ मिमी
४ एमओए: ११.६ मिमी
६ एमओए: १७.५ मिमी
३२ एमओएचं वर्तुळ: ९३ मिमी

आता एअर पिस्तुलाचं कार्ड बघा. दहाचा गोल ११.५ मिमीचा, नवाचा २७.५, आठाचा ४३.५ आणि सातापर्यंतचा सगळा काळा भाग ५९.५ मिमी. म्हणजे ४ एमओएचा ठिपका दहाच्या गोलावर जवळजवळ तंतोतंत बसतो. ६ चा ठिपका दहा झाकून नवाच्या अंगणात थोडा उतरतो. २ चा ठिपका दहाच्या आत निम्म्या रुंदीचा होऊन नाचतो. तो नाचतो, हीच खरी अडचण आहे.

टिकल्यांची परीक्षा

सांगलीत मारुती रोड, साताऱ्यात मोती चौक, कुठेही साध्या गोल टिकल्यांची पाकिटं मिळतात. पट्टीने मोजून साधारण ६, ९, १२ आणि १७ मिमी व्यासाच्या टिकल्या निवडा. १७ ची नाही मिळाली तर लाल कागद कापा. चार कार्डांच्या मध्यावर एकेक चिकटवा, डोळ्याच्या उंचीवर लावा आणि टेपने मोजून बरोबर दहा मीटरवर उभे राहा. या टिकल्या तुम्हाला अनुक्रमे २, ३, ४ आणि ६ एमओएचा ठिपका जेवढा दिसेल तेवढ्याच दिसतील. नेहमी लावता तोच चष्मा लावा. संध्याकाळच्या उजेडात एकदा आणि भर दुपारी एकदा बघा. काळ्या गोलात ६ मिमीची टिकली शोधावी लागत असेल तर २ एमओएचा विषय तिथेच संपला. खरा ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे तो टिकलीपेक्षा थोडा सोपा दिसतो. तेवढी सूट द्या.

दुसरा आकडा तुमच्या हाताचा. आत्ता आहे त्या उघड्या साईटवर, नेहमीच्या पद्धतीने उभं राहून, घाई न करता दहा छर्रे मारा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. भोकांच्या या पसाऱ्याला ग्रुप म्हणतात. पाचाचा नको, दहाचाच ग्रुप हवा, कारण पाचात नशीब लपतं.

ग्रुप ६० मिमीहून मोठा, म्हणजे काळ्याच्या बाहेर सांडतोय: ६ एमओए किंवा वर्तुळवाली नक्षी. ३० ते ६० मिमी: ४, न मिळाल्यास ३. ३० मिमीच्या आत: ३ किंवा २, तुमच्या डोळ्याला रुचेल तो. हा ठोकताळा आहे, पण त्यामागे कारण आहे. बारीक ठिपका हाताचं प्रत्येक थरथरणं मोठं करून दाखवतो. नवख्याला वाटतं, ठिपका दहावर आला की लगेच घोडा ओढावा. तो ओढतो, मनगट दचकतं आणि छर्रा खाली डावीकडे सातात जातो. उजव्या हाताने मारणाऱ्यांचा हा अगदी ठरलेला रोग. मोठा ठिपका तेच थरथरणं पोटात घालतो, माणूस शांत राहतो आणि घोडा हळूहळू दाबला जातो. हात तेवढाच हलतो, तरी ग्रुप लहान होतो.

२५ मीटरच्या प्रिसिजन कार्डावर दहाचा गोल ५० मिमीचा आणि तिथे ६ एमओए म्हणजे ४४ मिमी. त्यामुळे तिथेही सहाचा ठिपका दहाच्या आत मावतो. ‘सहाचा म्हणजे फक्त जवळच्या कामाचा’ हे ऐकीव आहे.

नक्षी कुठली

साधा ठिपका बहुतेकांना पुरतो. पण वर्तुळ आणि मध्ये ठिपका या नक्षीला नवखे उगाच घाबरतात. ३२ एमओएचं वर्तुळ दहा मीटरवर ९३ मिमीचं दिसतं आणि काळा गोल ५९.५ मिमीचा. म्हणजे काळ्याच्या भोवती सगळीकडून सुमारे १७ मिमी पांढरी कड उरते. ती कड चहूकडून सारखी आली की नेम मध्यावर आहे, हे डोळा मुद्दाम न बघताही ओळखतो. एअर रायफलवाले पुढच्या रिंगमधून काळा गोल बघतात, त्याच तत्त्वावर. या नक्षीत मधला ठिपका बहुधा २ एमओएचा असतो, तरी त्याचा त्रास होत नाही, कारण नजर वर्तुळावर असते. दुसरा फायदा: पिस्तूल वर उचलल्यावर ठिपका खिडकीच्या बाहेर राहिला तरी वर्तुळाची एक कड दिसते आणि कुठे वळायचं ते कळतं. तोटा एवढाच, की बॅटरी जास्त खाते, आणि उजेड जास्त ठेवला तर लाल कडं कार्डावर पसरतं.

त्रिकोणाच्या किंवा बाणाच्या नक्षीत टोकावर नेम धरायचा असतो. कार्डावरच्या कामाला तिचा उपयोग कमी.

स्वस्त साईटवर चार नक्ष्या मिळतात, बटण फिरवलं की फुली, वर्तुळ, ठिपका असं बदलत जातं. यात फसगत अशी, की नक्षी बदलली की मध्य किंचित सरकू शकतो. घेतलीच असेल तर एक नक्षी ठरवा, तिच्यावर झिरो करा (म्हणजे नेम धरला तिथेच मार लागेल अशी साईट जुळवा) आणि त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाका.

रंगाचं म्हणाल तर डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील असतो, म्हणून हिरवा कमी उजेडात छान दिसतो. पण पावसाळ्यात अजिंक्यताऱ्याचा उतार किंवा कृष्णाकाठचं ऊसाचं रान पाठीमागे असेल तर हिरवा ठिपका त्यात विरघळतो. आपल्याकडे लाल बरा.

डोळ्याची तक्रार साईटच्या माथी नको

अनेकांना ठिपका गोल दिसतच नाही. स्वल्पविरामासारखा, फुटलेल्या ताऱ्यासारखा किंवा एकाचे दोन दिसतात. साईट परत पाठवण्याआधी तीन गोष्टी करा. उजेड दोन-तीन पायऱ्या कमी करा. मग मोबाइलच्या कॅमेऱ्याने काचेतून फोटो काढा, फोटोत ठिपका स्वच्छ आला तर दोष डोळ्यात आहे. शेवटी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून ते टेकवून ठेवा आणि फक्त डोकं एका खांद्याकडे झुकवा. शेपूट डोक्याबरोबर फिरलं तर तुमच्या डोळ्यात सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम. चष्म्याच्या कागदावर ‘सिल’च्या रकान्यात तो लिहिलेला असतो. अशांनी लांबच्या नंबरचा चष्मा लावूनच मारावं, आणि ठिपका बारीक घेण्याऐवजी मोठा किंवा वर्तुळवाला घ्यावा. रायफलसाठी यावर प्रिझमची साईट सुचवतात, पण तिला डोळा अगदी जवळ लागतो. हात लांब करून धरलेल्या पिस्तुलावर ती निरुपयोगी.

लांबचाच चष्मा का, तर ठिपका लांब असल्यासारखा दिसतो आणि नजर कार्डावर ठेवायची असते. उघड्या साईटवर नजर पुढच्या साईटवर असते. चाळिशीनंतर रेड डॉट सोपा वाटतो तो यामुळेच.

‘पॅरलॅक्स फ्री’ या शब्दावर जाऊ नका

डोळा काचेच्या मध्यापासून हलला तरी नेम सरकत नाही, असा त्याचा अर्थ. खोक्यावर हे लिहिलेलं असतंच, आणि पन्नास मीटरवर ते बऱ्यापैकी खरंही असतं. दहा मीटरवर नाही. बहुतेक साईट ४०-५० मीटर किंवा त्याहून लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर डोळा काचेच्या मध्यापासून जेवढे मिलिमीटर बाजूला, जवळजवळ तेवढेच मिलिमीटर नेम बाजूला जातो. २२ मिमीच्या काचेत ठिपका अगदी कडेला असेल तर चूक ८ ते ११ मिमी. कार्डावर एका गोलापासून दुसरा गोल ८ मिमीवर असतो, म्हणजे दहाचा नऊ व्हायला एवढं पुरतं, आणि तुम्ही म्हणणार ठिपका तर मध्यावरच होता.

तपासायला सोपं आहे. रिकामं पिस्तूल वाळूच्या पिशवीत रुतवून ठिपका दहावर आणा आणि पिस्तुलाला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवा. ठिपका कार्डावर किती फिरतो ते दिसेल. उपाय सवयीचा: ठिपका कार्डाच्या मध्यावर आणि काचेच्याही मध्यावर, दोन्ही एकाच वेळी.

बसवणं

मागवण्याआधी पिस्तुलावरची पट्टी मोजा. बऱ्याच एअर पिस्तुलांवर ११ मिमीची डव्हटेल खाच असते. बाजारातल्या बहुतेक साईट २१ मिमीच्या पिकॅटिनी पट्टीसाठी असतात. दोन्हींमध्ये ॲडॅप्टर लागतो आणि तो साईटला आणखी उंच करतो. नळीपासून साईट ४० मिमी उंच आणि छर्रा सेकंदाला १४० मीटरने जाणारा असेल, तर दहा मीटरवर झिरो केलेलं पिस्तूल पाच मीटरवर सुमारे १४ मिमी खाली मारतं. हा बिघाड नाही, भूमिती आहे. तरी साईट जितकी खाली बसेल तितकी बरी.

स्प्रिंगच्या पिस्तुलाचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. हलक्या साईटचा एलईडी आणि स्क्रू दोन्ही त्यात खिळखिळे होतात, आणि साईट पट्टीवर मागे सरकत जाते. स्प्रिंगवाल्यांनी मजबूत साईट आणि अडवणारी पिन असलेला माउंट घ्यावा. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) आणि भरलेल्या हवेच्या पिस्तुलांना ही काळजी नाही. एका हाताने मारत असाल तर वजनही बघा: मिनी साईट ३० ग्रॅमच्या आसपास असते, नळीची १०० च्या पुढे जाते, आणि ते सगळं मनगटाच्या वर बसतं.

स्क्रू आणि खाच स्पिरिटने पुसून तेल काढा. स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा एक थेंब. लाल लावू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. ॲलन कीच्या आखूड टोकाला दोन बोटांनी जेवढं आवळलं जाईल तेवढंच, आळीपाळीने दोन्ही स्क्रू. मग एक रात्र तसंच ठेवा.

झिरो करणं

मागे विटांची भिंत उघडी नको. जुन्या कापडाने गच्च भरलेली पेटी ठेवा, डोळ्यांवर चष्मा हवा.

पहिले तीन छर्रे पाच मीटरवर, मोठ्या कोऱ्या कागदावर मारा. दहा मीटरवरून सुरुवात केली आणि कागदावर काहीच लागलं नाही तर कुठे वळायचं ते कळत नाही. कागदावर मार आला, साधारण एक-दीड सेंटीमीटर खाली, की दहा मीटरवर जा. पिशवीवर मनगट टेकवा, नळी टेकवू नका. पाच मारा, मध्य शोधा, मग साईटवरच्या नेम सरकवणाऱ्या स्क्रूला हात लावा.

समजा ग्रुपचा मध्य २३ मिमी डावीकडे आणि १२ मिमी खाली आला. स्क्रूचा एक खटका, म्हणजे एक क्लिक, एक एमओएची असेल तर दहा मीटरवर ती २.९ मिमी. म्हणून ८ क्लिक उजवीकडे, ४ क्लिक वर. अर्ध्या एमओएची असेल तर दुप्पट. माहितीपत्रकात आकडा असतो. स्क्रूवरचा बाण बहुधा मार कुठे सरकेल ते दाखवतो. आत बघाल तर ठिपका उलटीकडे जाताना दिसेल आणि ते बरोबरच आहे: ठिपका डावीकडे गेला की त्याला कार्डावर आणायला तुम्ही पिस्तूल उजवीकडे वळवता.

प्रत्येक छऱ्यामागे स्क्रू फिरवणं ही सगळ्यात सामान्य चूक. तुम्ही साईट नव्हे, स्वतःच्या हाताच्या चुका झिरो करत बसता. पाचातला एक लांब गेला तर तो सोडा. आणि स्वस्त साईटमध्ये फिरवल्यावर आतली स्प्रिंग लगेच बसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच टकटक करा, दोन छर्रे वाया घालवा आणि पुढचे पाच मोजा.

पिस्तूल उचललं की ठिपका सापडत नाही ही तक्रार पहिल्या आठवड्यात हमखास येते. काचेत शोधत बसू नका. नजर कार्डावर ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि उघडी साईट जुळवल्यासारखं पिस्तूल वर आणा. ठिपका नेहमी वरच्या कडेला अडकत असेल तर नळी वर उचललेली आहे, मनगट किंचित खाली घ्या. रिकाम्या पिस्तुलाने रोज वीस वेळा केलं की हात वळण घेतो.

उजेड असा ठेवा की ठिपका कार्डापेक्षा जेमतेम उजळ दिसेल. पुरता वाढवला तर ३ चा ठिपका पसरून ६ एवढा दिसतो, मग आपण मोजून घेतलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

पावसाळा आणि बॅटरी

उघड्या प्रकारच्या साईटमध्ये एलईडी मोकळा असतो. त्यावर पाण्याचा एक थेंब किंवा धुळीचा कण बसला की ठिपका विद्रूप होतो किंवा गायबच होतो. महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसात सराव करणाऱ्यांनी बंद प्रकारची साईट घ्यावी. सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात धुळीचा त्रास जास्त, तेव्हा आधी फुंकणीने हवा मारा, मग मायक्रोफायबरचं कापड. शर्टाच्या टोकाने पुसलं की काचेवरचा थर ओरखडतो. जून ते सप्टेंबर साईट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, कातडी कव्हरात नको. कव्हर ओल धरतं आणि काचेवर बुरशी धरते.

बॅटरी बहुधा सीआर २०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. घेण्याआधी एवढं बघा, की तिचं झाकण वर किंवा बाजूला आहे की साईटच्या पोटाखाली. पोटाखाली असेल तर प्रत्येक वेळी साईट उतरवावी लागते आणि पुन्हा पाच-पाचचे दोन ग्रुप मारून झिरो तपासावा लागतो. काढलेली बॅटरी टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळली तर अन्ननलिका काही तासांत जळते, त्यामुळे ती सरळ चिकटपट्टीत गुंडाळून उंच जागी टाका.